भिंतीही बघाव्यात

या अंकाचा विषय आहे चित्रांभोवतीची वास्तू. चित्रांविषयी आपण हिरिरीने बोलतो, पण ती ज्या भिंतींवर लागतात त्यांच्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. गावोगावी जुन्या वास्तूंचं काय करायचं यावर वाद झडत असताना हे मौन आम्हाला परवडणारं वाटत नाही.

मुंबईतलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे 'एनजीएमए' घ्या. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याचं हे सर कावसजी जहांगीर सभागृह. कधीकाळी इथे सभा भरत, मैफली रंगत. १९९६मध्ये तिथे हे संग्रहालय सुरू झालं. वास्तुरचनाकार रोमी खोसला यांनी बाहेरचा दगडी चेहरा तसाच ठेवला आणि आतल्या उंच पोकळीत अर्धवर्तुळाकार दालनं एकावर एक रचली. जिना चढताना खालच्या मजल्यावरचं शिल्प वरून, नव्याच कोनातून दिसतं आणि शेवटी आपण थेट घुमटाखाली पोहोचतो. वळणदार भिंतीवर मोठा सपाट कॅनव्हास लावणं मात्र सोपं नाही. ही अडचण खरी आहे, तरीही सभागृह पाडण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा होता, असं आमचं ठाम मत आहे.

पुढच्या पानांवर वास्तुरचनाकारांबरोबरच चित्रं टांगणारे, प्रकाशयोजना करणारे आणि दारावरचे रखवालदारही बोलतील. इमारत रोज वापरणाऱ्यांचं म्हणणं आम्हाला तितकंच मोलाचं वाटतं. तुमच्या गावातली कोणती बंद पडलेली वास्तू कलादालन व्हावी, आणि का, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.