गंजाआधी गळती शोधा

मृग तोंडावर आला. घराची कौले चाळताना दारातल्या जुन्या अॅम्बॅसडरकडेही पाहावे. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. आता आहे तीच जपायची.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळाचे आणि दारांखालचे पत्रे हाच तिचा कणा. म्हणून तिथला गंज हा नुसता दिसण्याचा दोष नव्हे. आत बसणाऱ्या लेकराबाळांच्या जिवाचा प्रश्न आहे.

प्रथम पायाखालचे जाजम काढून तळ सुकवावा. एकाने आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून झारीने पाणी सोडावे. आधी खाली, मग हळूहळू वर. एकदम टपावर ओतल्यास पाणी नेमके कोठून शिरले ते कळत नाही. काचेभोवतीचे रबर कडक होऊन भेगाळले असल्यास बदलावे. दारांच्या तळाशी निचऱ्याची छिद्रे असतात. ती धुळीने बुजली असल्यास तारेने मोकळी करावीत.

मग गंज पाहावा. वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने स्वच्छ पत्रा लागेपर्यंत घासून रेड ऑक्साइड व त्यावर रंग द्यावा. पेचकसाचे टोक आरपार जात असेल तर कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवून घ्यावा. त्याआधी बॅटरीची तार सोडावी. जवळ इंधनाची टाकी असल्यास उतरवावी. भोकावर नुसती लांबी भरू देऊ नये. ती भोक झाकते, बळ देत नाही.

आणि गळती तशीच ठेवून मारलेले ठिगळ पावसाळ्यात पुन्हा कुजते, हे विसरू नये.