ढोल्या गणपतीचा नैवेद्य

वाईकरांनी कृष्णाकाठच्या आपल्या दैवताला ‘ढोल्या गणपती’ म्हणावे, यातच त्यांच्या भक्तीचा मोकळेपणा दिसतो. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेल्या मंदिरातील ही मूर्ती खरोखरच विशाल आहे. परंतु एखाद्या थोर गृहस्थास असे तोंडावर म्हणण्याची कोणाची छाती होईल? लंबोदर मात्र रागावत नाही. ज्याचे नावच उदरावरून पडले, त्याच्या भक्तांनी जिभेची लाज बाळगावी तरी का?

आज भाद्रपद शुद्ध चतुर्थी. घरोघरी मोदकपात्रांतून वाफ उसळते आहे. नारळ-गुळाच्या सारणाला वेलदोड्याचा वास आणि मोदकांखाली हळदीचे पान; सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठाला त्या पानाचे काय अप्रूप! आरती लांबली की मुलांचे लक्ष स्वयंपाकघराकडे वळते. (आमचेही वळते, हे कबूल करावयास हरकत नाही.) नैवेद्यापूर्वी काही चाखावयाचे नाही, या नेमानेच मोदकाची गोडी वाढते.

खटकते ते एकच. एकवीस मोदक देवापुढे जातात, पुरुषांची व मुलांची पंगत उठते, पाहुण्यांना आग्रह होतो. आणि जिने हात भाजून घेत उकड मळली, एकेक कळी पाडली, त्या माउलीच्या पानात तिसऱ्या प्रहरी येतो तो निवालेला, बहुधा फुटलेला मोदक. वाफाळत्या मोदकाची सर त्याला कितीही तूप ओतले तरी येत नाही. यंदा आरती होताच पहिल्या पंगतीत तिचे पान मांडावे आणि वाढावयास घरातील पुरुषांनी उभे राहावे. थोडे तूप सांडेल, सांडू द्यावे.