रिकाम्या टँकला जेवण!

मागच्या वर्षी क्रॉफर्ड मार्केटमधून टँक आणि चार गोल्डफिश एकाच टॅक्सीत घरी आणले. आठवड्यात चारही गेले. पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं, यार! पण अमोनिया दिसत नाही ना. माशांच्या कल्ल्यांतून, उरलेल्या खाण्यातून तो पाण्यात येतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वसायला ४ ते ६ आठवडे लागतात.

यंदा आधी नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवलं. फिल्टर चोवीस तास चालू. रोज चिमूटभर फिशफूड टाकते, ते कुजलं की बॅक्टेरियांची खानावळ सुरू. आई म्हणते, "कोणाला जेवू घालतेस गं?"

आज पस्तिसावा दिवस. टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट मात्र हटत नाहीये. मासे अजून दुकानातच.