पाला आपला, ट्यूब कुणाची?

लावणी सुरू झाली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पायाला चिखल्या, विळ्याने कापलेली बोटं आणि पोरांच्या अंगावर पुवाळलेले फोड हे ठरलेलंच. दवाखाना लांब, मजुरी बुडवता येत नाही. मग बांधावरचा दगडी पाला चुरगाळून रस पिळायचा, नाहीतर करंजाचं तेल लावायचं. शहाणी माणसं याला एकतर अडाणीपणा म्हणतात, नाहीतर चमत्कार. दोन्ही चूक.

गळू आणि असे फोड बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूमुळे होतात. दगडी पाल्याच्या अर्काची या जंतूवर प्रयोगशाळेत चाचणी झालेली आहे. पण काचेच्या बशीत जंतू थांबला म्हणून तो पोराच्या पायावर थांबेलच असं नाही. शिवाय पाल्याबरोबर माती जखमेत जाते आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. मलम म्हणजे स्वच्छ पाला, दर डबीत सारखाच अर्क आणि माणसांवर नीट केलेली चाचणी. तोवर लाली पसरली, ताप आला तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. तिथे वाद नको.

आता खरा प्रश्न. हे मलम बनवणार कोण?

हळदीने जखम भरते, यावर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ, छापील लेख पुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. हळद वाचली, कारण ती कागदावर होती. कातकरी आजीला माहीत असलेला पाला कुठल्या कागदावर आहे?

दुसरं उदाहरण घरचंच. शहापूरच्या वनधन केंद्रातल्या कातकरी तरुणांना डाबर, हिमालया, बैद्यनाथ अशा कंपन्यांकडून 350 टन गुळवेलीची ऑर्डर मिळाली, 1 कोटी 57 लाखांची. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण हिशोब करा, किलोला साधारण 45 रुपये. तीच गुळवेल बाटलीत गेल्यावर काय भावाने मिळते, ते मेडिकलमध्ये विचारून या.

मलमाचंही तेच होणार का? वनहक्क कायदा 2006 पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क मान्य करतो. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही हवी. तुमच्या गावची कधी पाहिलीत? पुढच्या ग्रामसभेत ती मागा. कुठला पाला, कुणी सांगितला, कशावर लावतात, नावानिशी लिहून घ्या. चाचणीचा खर्च सरकारने करावा आणि मलम निघालंच तर नफ्यातला वाटा पाड्यावर यावा.

आणि हो, जखम आधी पाण्याने धुवावी लागते. तानसा-भातसाचं पाणी मुंबईला देणाऱ्या शहापुरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. त्यावर कुठलंच मलम चालणार नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.