फेटियाचा भाव कोण ठरवणार?

चळवळीच्या अंकात फॅशनवर संपादकीय! काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू द्या. या देशात कुणाच्या अंगावर काय असावं हे शिंप्यानं नाही, मनूनं ठरवलं. चांडाळानं मेलेल्यांचे कपडे वापरावेत, दागिने लोखंडाचे घालावेत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात हे लिहून ठेवलंय. कोण म्हणतो फॅशन हा रिकामटेकड्यांचा विषय आहे?

ती पोथी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली, हे आपल्या पोराटोरांना पाठ आहे. पण त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले, ते कमी जणांना ठाऊक. लुगडं नेसायची तुमची तऱ्हा आणि गळ्याहातातले ते कथलाचांदीचे ढीग ही अस्पृश्यपणाची निशाणी आहे, ती टाका, असं त्यांचं सांगणं होतं. कपडा फाटका असो, पण स्वच्छ असो. बायांनी ऐकलं आणि लुगडी घोट्यापर्यंत आली. पोथी जाळणं आणि लुगडं खाली सोडणं ही एकाच लढाईतली दोन कामं होती. इतिहासाच्या पुस्तकात एकच येतं, कारण दुसरं बायांनी केलं.

बाबासाहेबांच्या सुटाला नाकं मुरडणारे अजून आहेत. गांधींनी १९२१ मध्ये मदुराईला अंगरखा उतरवला तर ते महात्म्य ठरलं, बाबासाहेबांनी कोट चढवला तर साहेबी. अरे, ज्याच्या अंगावर अंगरखा होता त्यालाच तो उतरवायची ऐट परवडते. आम्ही काय उतरवणार होतो?

आता मानोऱ्याला चला. वाशीम जिल्ह्यातला हा तालुका, त्यात पोहरादेवी. रामनवमीला देशभरचे बंजारे तिथं येतात, सेवालाल महाराजांच्या दर्शनाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथं नंगाऱ्याच्या आकाराचं वारसा संग्रहालय उघडलं, पंतप्रधान आले, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. मी या भागातला. बंजारा माझी जात नव्हे. पण गावाबाहेर आमचा वाडा होता तसाच त्यांचा तांडा होता, आणि अजून आहे. म्हणून बोलतो.

यात्रेत म्हाताऱ्या याड्यांच्या अंगावर फेटिया-कांचळी अजून दिसते. मोठ्या घेराचा जाड सुती फेटिया, कमरेच्या पट्ट्यावर भरगच्च टाके. उघड्या पाठीची, दोऱ्यांनी बांधलेली कांचळी. तिच्यावर आरसे, कवड्या, जुनी नाणी. डोक्यावर टुकरी, कानावरून लोंबणारी चांदीची घुगरी, दंडापर्यंत बलिया. पूर्वी त्या हस्तिदंती असत, आता प्लास्टिकच्या. घुगरी हा नुसता दागिना नव्हे, लग्न झालेल्या बाईची ती खूण आहे. एवढा पेहराव हातानं शिवायचा तर महिने जातात. दिवसा कापूस-सोयाबीनच्या रानात राबायचं आणि रात्री दिव्याखाली आरसे टाचायचे. डोळे जातात बायांचे.

याच लोकांनी कधीकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य देशभर फिरवलं, फौजा पोसल्या. आगगाडी आली आणि धंदा बसला. मग इंग्रजांनी १८७१ चा कायदा केला आणि किती तरी भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. बऱ्याच ठिकाणी बंजारेही त्यात सापडले. शिक्का कागदावरून पुसायला १९५२ उजाडलं. पोलिसाच्या डोक्यातून पुसला का, ते तांड्यावर जाऊन विचारा.

आणि आता तुमचं शहर बघा. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही मॉलमध्ये काळपट चांदीसारखी हासली टांगलेली असते, खाली चिठ्ठी : ‘ट्रायबल’. आरशांचं जाकीट असलं तर ‘बोहो’. हा ‘बोहो’ शब्द कुठून आला माहितीय? फ्रान्समध्ये भटक्या रोमा लोकांना बोहेमियातून आलेले समजून ‘बोहेमियन’ म्हणत, त्याचं हे लाडकं लघुरूप. रोमा मूळचे इथलेच, आपल्याच मुलखातून शेकडो वर्षांपूर्वी गेलेले. हिटलरच्या छावण्यांत ते लाखोंनी मारले गेले. माणसं भट्टीत आणि घागरा दुकानाच्या काचेत.

आपल्या सिनेमानंही हेच केलं. १९७१ चा ‘कारवाँ’ घ्या, १९७५ च्या ‘शोले’तली शेकोटीभोवती नाचणारी हेलन घ्या. भटक्यांचा वेश पाहिजे, ठेका पाहिजे, पण अंगावर तो चढणार गोऱ्या नटीच्या. त्याच १९७५ साली फेअर अँड लव्हली बाजारात आली. पंचेचाळीस वर्षं तिनं आमच्या सावळ्या पोरींना सांगितलं की तुझं थोबाड ही अडचण आहे. २०२० मध्ये नावातून ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं. म्हणजे कपडा आमच्याकडनं घ्यायचा आणि कातडी मात्र दुकानातनं विकत घ्यायला लावायची. दोन्हीकडून गल्ला त्यांचाच.

आमच्या अंगावर चांगला कपडा अजूनही खुपतो, हे विसरू नका. गुजरातमधल्या पालनपूर तालुक्यातल्या मोटा गावात २०२३ मध्ये एका दलित तरुणाला मारलं. कारण काय, तर चांगले कपडे आणि गॉगल! तोच गॉगल नटाच्या डोळ्यांवर असला की ‘स्टाइल’. ‘फँड्री’तल्या जब्याला जीन्स पाहिजे असते, ती का, हे ज्याला कळत नाही त्यानं आमच्याशी सौंदर्यावर बोलू नये.

आता खरा प्रश्न. तांड्यावरच्या पोरी फेटिया घालत नाहीत. सलवार घालतात, जीन्स घालतात, पार्लरला जातात. यावर गळे काढणारे संस्कृतिरक्षक सगळे शहरात राहतात आणि स्वतः पँट-शर्ट घालतात. मंत्री आला की याच पोरींना भाड्याचे घागरे नेसवून रस्त्याकडेला नाचायला उभं करतात. मी एका म्हातारीला विचारलं, याडी, तुमच्या नातीनं हे का सोडलं? ती म्हणाली, ‘‘बाबू, हे घालून एसटीत बसलं की लोक पिशवीले हात लावून पाहतात. तिनं कायले घालावं?’’

झालं. सगळं समाजशास्त्र त्यात आलं. चोराच्या नजरेनं बघणारी एसटी बदलायची नाही, पोरीनं मात्र वारसा अंगावर वागवायचा. मी त्या नातीच्या बाजूनं आहे. महाडच्या बायांना जो हक्क होता तो तिलाही आहे : खूण टाकून द्यायचा. आणि उद्या तिला वाटलं, कॉलेजच्या गॅदरिंगला आजीची कांचळी घालून छाती काढून जावं, तर तोही हक्क तिचाच. ऑकलंडच्या ब्लॅक पँथर्सनी काळी जाकिटं चढवली आणि कुरळे केस तसेच वाढवले, ते कुणाला विचारून नव्हे. ज्यांच्यावरून आपल्या पँथरनं १९७२ मध्ये नाव घेतलं त्यांना वेशाचं राजकारण पक्कं कळत होतं.

पण टाकलेली वस्तू उचलून जो चार आकडी किमतीला विकतो त्याचा हिशेब मी सोडणार नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरी चप्पल फिरवली, कोल्हापूरचं नावसुद्धा न घेता. चप्पल आमच्या चर्मकार-ढोरांच्या हातची, २०१९ पासून तिला भौगोलिक मानांकन. ओरड झाली. मग कंपनीनं मान्य केलं, आणि डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून दोन हजार जोड इथंच बनवायचं ठरवलं, किंमत जोडाला आठशे युरोंच्या आसपास. त्यातले किती चर्मकाराच्या हातात पडतात यावर डोळा ठेवला पाहिजे. पण ओरडल्याशिवाय तेवढंही झालं नसतं.

फेटियासाठी कोण ओरडलं? कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला मानांकन मिळालं, तिथल्या बाया संस्था धरून काम करतात, २०२३ मध्ये जी-२० च्या हंपीच्या बैठकीत त्यांचं काम जगापुढं मांडलं गेलं. आपल्याकडं समाजातूनच अकरा वर्षं मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक होऊन गेले, पोहरादेवीला संग्रहालय उभं राहिलं, आणि तांड्यावरची टाके घालणारी बाई अजून व्यापारी देईल तो भाव घेते. संग्रहालयाच्या दारात तिचं स्वतःचं दुकान का नसावं? भाव तिनं लावावा, चिठ्ठीवर नाव तिचं असावं, ‘ट्रायबल’ नव्हे. ही मागणी घेऊन मानोऱ्याच्या तहसीलवर जायला मला दहा पोरं पाहिजेत, बंजारा आणि बौद्ध दोन्ही. पोरी आल्या तर आधी त्या बोलतील.

आणि शहरातल्या दोस्तांनो, तुमच्या कपाटातल्या आरशांच्या पिशव्या-जाकिटं काढा. विकणाऱ्याला जाऊन विचारा, कुणी शिवलं, तिला किती दिले. जे उत्तर मिळेल ते, शिव्यांसकट, आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकाची चार पानं त्यासाठी मोकळी ठेवली आहेत.