इंजिन काढण्याआधी



जुनी स्पोर्ट्स कार हौसेने सांभाळणाऱ्याला एक दिवस इंजिन बाहेर काढावंच लागतं. एमजीबी ही गाडी घ्या. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. तिथले कित्येक मालक आजही हे काम घरच्या गॅरेजमध्ये स्वतः करतात. या गाडीची नुसती क्लचप्लेट झिजली, तरी इंजिन काढल्याशिवाय बदलता येत नाही.

हे काम घरी करूच नये, असं मी म्हणणार नाही. १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं हे साधं इंजिन आहे. आधी बॅटरीच्या वायरी सोडवायच्या, पाणी आणि ऑइल काढायचं, मग बॉनेट आणि रेडिएटर काढायचा. पेट्रोलची नळी, वायरी, सायलेन्सरचा पाइप मोकळा करायचा. गाडीखालून प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट, आतून गिअरचा दांडा. आपल्याकडे मेकॅनिक ‘इंजिन उतरवलं’ म्हणतात; इथे मात्र ते गिअरबॉक्ससकट तिरकं करून वर उचलतात.

माझा विरोध आहे तो घाईला आणि एकट्याने काम करण्याला. दोन्ही मिळून वजन दीडशे किलोंच्या वर जातं. गॅरेजच्या तुळईला साखळी बांधून ते उचलू नये. तुळई छप्पर पेलण्यासाठी असते. इंजिन उचलायचा होइस्ट भाड्याने आणावा. गाडीखाली शिरण्याआधी पक्के स्टँड लावावेत, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. सोबत दुसरा माणूस हवाच. इंजिन लटकत असताना त्याखाली हातसुद्धा घालू नये. वाचलेलं भाडं चिरडलेली बोटं परत देत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. बुरूज बांधायला घेण्याआधी बसून खर्च मोजणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. गाडी खोलायला एक शनिवार-रविवार पुरतो. पण सुटे भाग, पैसा आणि वेळ यांचा अंदाज न घेतल्यामुळे चांगली गाडी वर्षानुवर्षं खोक्यांत पडून राहते. म्हणून प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधा, प्रत्येक जोडाचा फोटो घ्या, बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

परत जोडण्याची तयारी नसेल, तर पहिल्या बोल्टला पाना लावू नका.