माळ आणि डबा

पुणे-नाशिक हमरस्ता आणि माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता जेथे परस्परांस छेदतात, त्या आळेफाट्यापासून हाकेच्या अंतरावर आळे गावी, ज्ञानदेवांनी पैठणास ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, त्या रेड्याची समाधी आहे. आणि पशूच्या ठायीचे चैतन्य ज्या मुलखाने इतक्या आदराने पूजिले, तेथे घरोघर तुळशीची माळ दिसावी यात नवल ते काय!

येथील शाकाहार बहुतांशी जातीने आलेला नव्हे, या माळेबरोबर घेतलेल्या व्रताने आलेला आहे. आजोबा माळकरी, मुलगा गावच्या जत्रेला मटणाच्या पंगतीत बसणारा, आणि दोघांची भांडी निरनिराळी ठेवून दोघांनाही प्रेमाने वाढणारी सून, ही आमच्याकडील कुणबी घराची नित्याची रीत होय. अडचण उभी राहते ती लहानग्या माळकऱ्यापुढे. वर्गात शेजारच्या मुलाच्या डब्यात सुकट असते, कुणाच्या अंडे. पश्चिमेच्या डोंगराकडील महादेव कोळी नि ठाकर मुलांच्या घरी ओढ्याचे खेकडे हे पावसाळ्यातले हक्काचे अन्न. अशा वेळी आपल्या मुलाचे व्रत टिकावे म्हणून त्याच्या मनात त्या अन्नाची किळस भरविणे हा सर्वांत सोपा उपाय, आणि माझ्या मते सर्वांत घातक; कारण किळस अन्नावर थांबत नाही, ती खाणाऱ्यापर्यंत पोचते, आणि ज्या ज्ञानदेवादी भावंडांस शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली त्यांचे नाव घेणाऱ्यांनीच मग शाळेच्या ओसरीवर नवा विटाळ मांडल्यासारखे होते. माळ आपल्या जिभेला बांधते. दुसऱ्याच्या ताटावर तिचा अंमल नाही. मुलाला एवढेच शिकवावे की, ‘मला चालत नाही, तू जेव,’ असे म्हणावे आणि त्याच बाकावर बसून आपली भाकरी खावी.

हे आज लिहिण्यास कारणही आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्यास केळे देण्याचा हुकूम काढला; वारकरी मंडळींतून त्यास विरोध झाला; आणि जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीची सरकारी तरतूद बंद होऊन ते काम शाळा व्यवस्थापन समितीच्या मर्जीवर आणि लोकसहभागावर सोडण्यात आले. केळ्याची सोय मूळ हुकुमातच होती, म्हणजे माळकरी मुलाचे व्रत भंगण्याचा प्रश्नच नव्हता. हात आखडला गेला तो ज्याच्या घरी डाळही रोज शिजत नाही त्या मुलाच्या ताटावरून.

माळकरी वाचकांना माझी विनंती आहे की, आपल्या गावच्या शाळेने पोषण आहारासाठी वर्गणी काढली तर तिच्या यादीत आपले नाव घालावे. अंड्याला पैसे देणे ज्यांच्या मनाला पटत नसेल त्यांनी केळ्यांचा खर्च उचलावा, परंतु दुसऱ्याच्या मुलाच्या अंड्याविरुद्ध ग्रामसभेत हात वर करू नये.